तुमच्या बहिणीचे दुखरे गुडघे

भागवतराव, दाजीचा रामराम घ्या. बदनापुरात लेकरं शाळंत जात असतील अन् तुमचा खोकला हटला असंल, असं धरून चालतो. इकडं आम्ही बिलकुल मजेत. फक्त तुमची बहीण सगुणा दोन महिन्यांपासून बोलत न्हाई, जेवत न्हाई, झोपत न्हाई. बाकी काळजीचं कारण न्हाई.

मेंढरं विकून, पाटाच्या पाण्यावरल्या शेतीपायी टेंभुर्णी सोडून अंबडजवळच्या या गावात आलो त्याला वरीस झालं, तरी लोक अजून बाहेरचेच म्हणतात. त्यात येडे म्हणाया लागले तर लेकीचं, आकांक्षाचं, जमत आलेलं लग्न मोडायचं. म्हणून अंगारा, लिंबू, पलंगाची दिशा, सगळं घरातल्या घरात करून पाह्यलं. (उरलेल्या लिंबांचं लोणचं घातलंय, झकास झालंय.) शेवटी सूनबाईनं, वंदनानं, मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं. असली थेरं आपल्या खानदानात कोणी केली न्हाईत, हे तिला बराबर सुनावलं अन् मंगळवारी अंबडला निघालो. गावात सांगितलं, गुडघे दुखतात. शेजारच्या झुंबरबाईनं लगेच तेलाची बाटली आणून दिली. मंग सगुणाला एसटीपर्यंत लंगडायला लावलं, तर ती जाताना डाव्या पायानं लंगडली अन् येताना उजव्या.

मनाच्या दवाखान्यात बघतो तर आपलं निम्मं गाव बाकड्यावर. गावात सांगितल्याप्रमाणं माजी सरपंच डोळे दाखवायला आल्ते, द्वारकाबाईची दाढ ठणकत होती. कोणी कोणाला वळखलं न्हाई. सगळे छताच्या पंख्याकडं बघत बसलो, अन् लाइट तर सकाळीच गेल्ती.

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची. तिनं मला बाहेर बसवलं अन् सगुणाला फक्त विचारलं, इकडं करमतं का. दोन महिने गप असलेली बाई पाऊण तास बोलली. मला कधी एक शब्द सांगितला न्हाई. (मीही कधी विचारलं न्हाई, पण ते वेगळं.) घरी आल्यावर तिनं भाकर मागून घेतली. गुडघ्यांना उतार आहे, असं गावात कळवलंय.

तुमचा दाजी,
काकासाहेब

ता. क. आकांक्षाची होणारी सासू समोरच्याच बाकड्यावर होती. त्यांची कंबर धरलीय म्हणे. त्या अन् मी, दोघंही कुठं बोलणार न्हाई, तवा लग्न पक्कं समजा.

ता. क. दुसरा. पुढल्या मंगळवारी डॉक्टरीणबाईनं मला बोलावलंय. मेंढरं विकल्यापासून मी बांधावर जाऊन रडतो, हे सगुणानं सांगून टाकलं. खोटं न्हाई ते. तुम्ही सोमवारीच या, भागवतराव. एकट्यानं आत जायची मला भीती वाटून राह्यली.