परसातलं काळं मडकं

बुधवार, संध्याकाळ. किन्हवली.

जन्मभर लग्नांचे रंगीत फोटो काढले. म्हातारपणी हा एकच स्वतःसाठी, आमच्या परसबागेचा, ब्लॅक अँड व्हाईट. बायको काढू देत नव्हती, बागेला दृष्ट लागेल म्हणून. शेवटी काढला. पण फसलाय. वेलाच्या मांडवाला तिने टांगलेलं काळं मडकं, त्यावर चुन्याचे ठिपके. डोळा आधी तिथेच जातो. वाल, दुधी, सगळं मागे नुसतं करडं. मडकं उतरवून ठेवायला हवं होतं का?

मघाशी तिला दाखवला. म्हटलं, "मडक्यापुढं तुझी बाग कुणाला दिसायचीच नाय गो."

तिने फोटो लांब धरून पाहिला. चेहरा खुलला.

"मंग आता तुमी खुशाल दाखवा कुणालाबी."