दोन बोटं जागा

प्रिय मिस्त्री,

या नावाने हाक मारायचा हक्क मला अजून आहे का, या विचारात सकाळ गेली. शेवटी म्हटलं, तुझं खरं नाव मी फक्त भांडतानाच घ्यायचे. तेव्हा हेच बरं.

भांडी धुण्याचं आपलं मशीन दुरुस्त झालं. तू बहिणीकडे राहायला गेल्यापासून सात महिने ते मुकं उभं होतं. अधूनमधून मी तुझ्यासारखा दाराला गुडघा देऊन पाहायचे. तुझ्या गुडघ्याला ते लगेच गुरगुरायचं, मला मात्र दाद देईना. तुझं म्हणणं, दाराचा खटका सैल आहे, दार लागलंय हे मशीनला कळतच नाही. तू खटका बदललास, दोनदा. तरी ते मनाला येईल तेव्हा बंद पडायचं, आणि मी पाहुण्यांसमोर म्हणायचे, आमच्याकडे वस्तू आधी बिघडते, मग आमचे मिस्त्री हात लावतात, मग ती कायमची जाते. सगळे हसायचे. तूही हसायचास. पुढे पुढे हसेनासा झालास, ते माझ्या लक्षात आलं नाही, असं लिहिणार होते. पण आलं होतं.

काल दुरुस्तीवाल्या बाई आल्या. आधी त्यांनी सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहिला, तो लागला. मग तुझा खटका तपासला आणि म्हणाल्या, काम नेटकं केलंय हो कुणीतरी. मला उगाच अभिमान वाटला. नंतर प्लग काढून त्यांनी मशीन पुढे ओढलं आणि वायरीला मीटर लावला. वायर सलग असली की तो पीं करतो, तसा करत होता. बाईंनी वायर एका जागी जरा वाकवली, तसा गप्प झाला. मशीनची पाठ आणि भिंत यांच्यात चेंगरून वायर आतून तुटली होती. धक्का बसला की टोकं जुळायची, तेवढ्यापुरतं चालायचं. भिंतीला इतकं चिकटवलं कुणी, बाईंनी विचारलं.

मी. ओट्याच्या पुढे दोन बोटं आलेलं दिसतं म्हणून. तू म्हणायचास, अगं, मागे जरा जागा राहू दे. आणि तुझी पाठ वळली की मी कंबर लावून ते आत लोटायचे.

तू बॅग भरलीस त्या दिवसाच्या पानावर माझ्या डायरीत एकच ओळ आहे: याने हात लावला की सगळं बिघडतं. तेच तुला तोंडावरही म्हटलं होतं. काल ती ओळ खोडायला पेन उचललं, पण खोडली नाही. खाली लिहिलं, वायर मी तोडली. मग वाटलं, हे डायरीला सांगून काय उपयोग? ऐकून घेतलं होतंस तू.

नवी वायर बसवून बाई गेल्यावर मशीन लावायला घेतलं, तर एकटीच्या भांड्यांनी ते भरेना. तुझा मोठा कप स्वच्छच होता, तरी आत ठेवला. मशीन आता दोन बोटं पुढे आहे. येता-जाता ठेचकाळते, पण लोटत नाही.

रविवारी ये. गुडघा द्यायची गरज उरलेली नाही, तरी ये.

तुझीच,
कंबर लावणारी