सातशे पासष्टावा माणूस

पिंपळखेडी, ता. रावेर
६ नोव्हेंबर १९९५

चि. लिला हिस आजीचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

गुडघे सोडले तर इकडे बरं आहे. तू कॉम्प्युटरवर काढलेला गावाचा नकाशा पोचला. गुळावर माशा बसाव्यात तसं दिसतंय गाव. दहा माणसांना एक ठिपका म्हणतेस, पण आपल्या गल्लीतली दहा माणसं एका ठिपक्यात नांदतील का, तेही त्याला विचार.

एक सांगायचं राहिलंय. एक्याण्णवच्या जनगणनेचे गुरुजी आले, तेव्हा तुझ्या बापानंच ओट्यावर बसून घरातली बठ्ठी नावं सांगितली. आठव्या दिवशी केळीचा ट्रक उलटला, त्यात तो गेला. मार्च लागल्यावर परगावचे ते गुरुजी पुन्हा विचारायला आले, कुणी कमी-जास्त झालं का. तुझी आई आत पडून होती. मी म्हटलं, आहेत तितकेच आहेत.

पत्र लिहून देणारी गुलाब इथं लिहायची थांबली. तिला म्हटलं, लिही बाई, शाई वाळते.

तर त्या ठिपक्यांत तुझा बाप, माझा देवचंद असेल ना? खूण करून पाठव.

तुझी आजी पार्वताबाई (अंगठा)

धुळे, ११ नोव्हेंबर

ती. आजीस सविनय जयभीम.

ठिपका कुणा एकाचा नसतो गं. गावाच्या शिवेत कॉम्प्युटर मनाला येईल तिथे टाकतो. पण आपला आकडा सातशे पासष्ट. वरच्या पाचांसाठी प्रोग्राम आणखी एक ठिपका देतो, चार उरले तर देत नाही. बाबा वगळून चालवला, तर शेवटचा ठिपका आलाच नाही. मी लगेच आकडा पुन्हा पासष्ट केला.

तो ठिपका नदीकडेला पडलाय. लाल गोल केलेला नकाशा सोबत आहे. कॉलेजचे सर म्हणतात, चूक माहीत असेल तर दुरुस्त करून दे. माझा हात होत नाही. तू सांगशील ते करीन.

तुझी लिला

पिंपळखेडी, १५ नोव्हेंबर

चि. लिलास आशीर्वाद.

गुलाबनं माझं बोट त्या ठिपक्यावर नेऊन ठेवलं. हाताला काहीच लागलं नाही.

लहानपणी अंधारात अंगणात जायलाही त्याला मी लागायची. तो नदीकडेला एकटा? साडेचार वर्षं मीच त्याला उभं करून ठेवलंय, पोरी. काढ तो ठिपका. गुरुजी पुन्हा येतील तेव्हा मी असले तर खरं सांगीन.

नकाशा परत पाठवते. दर पत्राखाली उठवते तो अंगठा आज त्या ठिपक्यावर उठवलाय. माझा अंगठा मोठा, शेजारचे दोन-तीन ठिपकेही त्याखाली आले. तेवढीच सोबत.

रडून प्रोग्राम भिजवू नकोस. लोभ आहेच, तो मोजत बसू नकोस.

तुझी आजी पार्वताबाई
(अंगठा नकाशावर आहे. लिहिणार गुलाब.)