वसतिगृहातलं नेट चालू झालं

अक्का, तुमच्या वसतिगृहाच्या छतांना आता ताटलीएवढ्या पांढऱ्या गोल डब्या लावलेल्या आहेत. तुम्ही गेलात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कुणा देणगीदाराने त्या बसवून दिल्या. त्यांतून वायफाय येतं, म्हणजे तारेशिवाय इंटरनेट. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं की याला वीज किती लागते, आणि मुली झोपल्या की बटण बंद करायला लावलं असतं. विजेच्या बाबतीत तुम्ही किती चिकट होतात ते आम्हा मुलींना विचारावं. आज ही कटकट सांगायला मला दुसरं कुणी सुचलं नाही, म्हणून धुळ्याच्या वसतिगृहातून जळगावला परतल्यावर, मेहरूण भागातल्या माझ्या घरात, पायही न धुता लिहायला बसले आहे. पायांवरून तुम्ही काय बोलला असता तेही मला माहीत आहे.

झालं असं की त्या डब्या बनवणारी परदेशातली कंपनी बंद पडली. डबी नव्याने सुरू करायची तर ती आधी त्या कंपनीच्या सर्व्हरला विचारणार, चालू होऊ का? आणि तिकडे हो म्हणायला कुणी उरलं नव्हतं. लावलेल्या डब्या जुन्या परवानगीवर रडतखडत चालल्या होत्या. पण एकदा नेट मंद झालं तेव्हा आताच्या रेक्टरबाईंनी कुणाचंतरी ऐकून एका मुलीच्या केसांतली पिन घेतली, स्टुलावर चढल्या आणि एकेका डबीचं रिसेटचं भोक दाबत सगळं वसतिगृह फिरल्या. जुनी परवानगी पुसली गेली. सगळ्या डब्यांवर नारिंगी दिवा लुकलुकू लागला तो लागलाच. बाईंना बोलण्यात अर्थ नव्हता, त्या आधीच रडत होत्या. तुमची ती जाड भिंतींची इमारत, आत मोबाइलला रेंज नाही, आणि आता शिकवणी, परीक्षेचे अर्ज, निकाल सगळं नेटवर. मुली सोडून जायला लागल्या. संस्थेचे अध्यक्ष मला स्पष्ट म्हणाले की सहामाहीपर्यंत नेट आलं नाही आणि मुली अशाच गळत राहिल्या, तर वर्षअखेर वसतिगृह बंद करावं लागेल, आणि नव्या यंत्रणेला संस्था पैसे देणार नाही. मी म्हणाले, मी करते. कॉम्प्युटरच्या कामावर माझं पोट चालतं, त्यामुळे तोंडातून निघून गेलं.

बंद करणं म्हणजे काय, हे मला कुणी समजवायला नको. मी अकरावीत होते तेव्हा माझे वडील मला न्यायला आले होते. स्थळ आलं होतं. मी स्वयंपाकघरात भाकऱ्यांना पीठ मळत होते आणि दारातून त्यांचं धोतर दिसताच माझे हात थांबले. घरून कुणीही माणूस मुलीला न्यायला आला की त्याला आधी जेवू घालायचं आणि मगच का आलात विचारायचं, हा तुमचा नेम होता. तुम्ही त्यांना पाटावर बसवता. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, वर कच्चा कांदा. वडील बोलायला तोंड उघडतात की तुम्ही म्हणता, "पहिले जेवी ल्या दादा, मंग बोलूत." ते जेवतात. हात धुतल्यावर तुम्ही विचारता, ते सांगतात, आणि तुम्ही एवढंच म्हणता, "परीक्षा व्हई जाऊ द्या, मंग लई जा." ज्याचं मीठ आत्ताच खाल्लं त्याला नाही कसं म्हणायचं? ते एकटेच परत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, पुन्हा जेवून गेले. असे किती बाप, काके आणि मामे तुम्ही जेवू घालून वाटेला लावले असतील. त्या वेळी तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, मळलेलं पीठ घट्ट झालंय म्हणून मला झापलंत.

तर त्या डब्या. जगभरातले लोक आपल्या फावल्या वेळात अशा यंत्रांसाठी एक मोकळी प्रणाली, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, लिहितात. ती कुणीही फुकट घ्यावी, कुणीही सुधारावी. ती घातली की डबीला कुठल्याच कंपनीची परवानगी लागत नाही. पण आमची डबी त्यांच्या यादीत नव्हती, मला तिची भर घालायची होती. एक डबी उघडली, आतल्या हिरव्या पट्टीवरच्या चार ठिपक्यांना बारीक तारा जोडल्या, तेव्हा ती सुरू होताना स्वतःशी काय पुटपुटते ते मला स्क्रीनवर वाचता येऊ लागलं. त्यावरून आत कुठली चिप, कुठला दिवा कुठे जोडलाय, स्मृतीचे कप्पे कसे पाडलेत, हे सगळं लिहून काढायचं. चष्म्यावर चष्मा लावून रविवारमागून रविवार हेच चाललं होतं. एकदा नवी प्रणाली घालताच डबी गपगार झाली, दिवासुद्धा लागेना, तेव्हा मी खूप रडले. तिला परत आणायला मला एक महिना लागला.

मग घाई नडली. एक डबी नीट चालली या आनंदात मी तिची सगळी स्मृती जशीच्या तशी आणखी तिघींत ओतली. त्यात एक कप्पा असा असतो, ज्यात त्या एकाच डबीच्या रेडिओची कारखान्यात घेतलेली मापं असतात. दर डबीची वेगळी, आणि पुन्हा कुठे मिळत नाहीत. मी त्या तिघींची मापं पुसून टाकली. त्या चालतात, पण दोन खोल्यांपलीकडचं त्यांना ऐकू येत नाही. त्या मी अशा ठिकाणी टांगल्या जिथे फार कुणी बसत नाही. तिकडे त्या मोकळ्या प्रणालीच्या लोकांतला, माझं काम तपासणारा परदेशातला एक अनोळखी गृहस्थ ते पुनःपुन्हा परत पाठवायचा, दिव्याचं नाव चुकलं, ओळ वाकडी गेली म्हणून. निवडलेल्या तांदळात एक खडा सापडला तर तुम्ही अख्खं सूप पुन्हा हातात द्यायचात, तसा. अखेर त्याने ते स्वीकारलं. सहामाहीच्या आधी सगळ्या खोल्यांत नेट आलं. गळती थांबली. सोडून गेलेल्यांतल्या दोघी परतसुद्धा आल्या, आणि मला वाटलं, अक्का, आपण जिंकलो.

आज अध्यक्षांनी बोलावून घेतलं. चहा मागवला, माझं तोंडभरून कौतुक केलं. मग म्हणाले की इमारत बघायला एक कोचिंग क्लासवाले येऊन गेले. जागा मोक्याची, वर खोलीखोलीत नेट तयार, आणि त्या डब्यांसाठी कुठल्या कंपनीला वर्षाची फीसुद्धा भरायची नाही, हे त्यांना फार आवडलं. जूनपासून करार झाला. "बाई, इतके दिवस या इमारतीला गिऱ्हाईक मिळत नव्हतं," ते म्हणाले, "तुमच्यामुळे मिळालं." मी विचारलं, मुली? दुसरीकडे बघतील, नाहीतर घरी जातील, असं त्यांनी सांगितलं. आणि वायफायचा पासवर्ड लिहून मागितला. मी कपातला चहा संपवून उठले. त्या क्षणी मला त्यांच्याइतकाच तुमचाही राग आला. एवढं जन्मभर राबलात, पण आपल्यामागे हे कोण टिकवणार, याची काहीएक सोय केली नाहीत. आणि मी केली ती ही अशी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला एवढं सांगून ठेवते. तिथून मी सरळ बस धरली नाही, वर अभ्यासाच्या खोलीत गेले होते. मुली शिष्यवृत्तीचे अर्ज भरत होत्या. नेट कसं झरझर चालतंय ते त्यांनी मला दाखवलं. पुढच्या वर्षीचा पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून सगळ्यांनी वसतिगृहाचाच पत्ता टाकला होता. एकीने मान वर करून खात्रीसाठी विचारलं, "ताई, पिनकोड बराबर शे ना?"

मी वाकून आकडे वाचले आणि म्हणाले, "शे."