रोवण्याले जाण्याआधी

माह्या आईले जयभीम,

हे पत्र भाऊ संघपाल तुले मोठ्यानं वाचून दाखवन. फोनवर तू "मी बरी आहो" म्हणते आन् लगेच फोन त्याच्या हाती देते, म्हणून लिहून राहिली.

मी मजेत आहो. मेसमध्ये भात भेटते. परीक्षेच्या सुट्टीत सगळ्या पोरी घरी गेल्या, पण कोल्हापूरहून आपलं गाव सानगडी लई दूर, म्हणून हॉस्टेलवर मीच राहिली. तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी समोरच्या रिकाम्या पलंगाले प्रश्न विचारते आन् उत्तरही मीच देते. चुकलं तरी कोणी टोकत नाही.

सध्या डॉक्टरकीचं सूक्ष्मजीवशास्त्र चालू आहे. काल लेप्टो नावाच्या तापाचं पान आलं. उंदराच्या मुतातले जंतू चिखलात येतात आन् पायाच्या जखमेतून अंगात जातात. हा आजार कोणाले होते, तर पुस्तकात पहिलेच धानाच्या बांधीत, चिखलाच्या शेतात राबणारे लिहिले आहेत. तिथून पुढं वाचणंच झालं नाही.

आई, तुया टाचेच्या भेगेतून रक्त येत होतं, ते थांबलं काय? पुस्तक म्हणते, गमबूट घाला. बांधीत बूट फसून राहते आन् पाय तेवढा वर येते, हे मले ठाऊक आहे. म्हणून एवढंच आयक. भेगा भरल्याशिवाय धानाची रोपं लावाले, रोवण्याले जाऊ नोको. ताप आला, पिंडऱ्या दुखल्या, तर लगेच साकोलीच्या दवाखान्यात जाजो आन् डॉक्टरले चिखलाचं सांगजो.

तोंडी परीक्षेत हा प्रश्न आला तर माह्यं उत्तर पाठ आहे. त्या उत्तरात तू नोको येऊ.

तुयी,
प्रतिक्षा