अंबरीशचा बँड मस्कतला आला

अल् घुब्रा, मस्कत
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्ञानदा वहिनी,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही ठीक. रेखाची पाठ बरी आहे, हवा सध्या छान, सकाळी स्वेटर लागतो. सावनीची बारावीची प्रॅक्टिकल्स सुरू झाली असतील. रोज व्हॉट्सअॅपवर असणारा माणूस पत्र का लिहितोय, असं वाटेल तुम्हाला. मोबाइलवर तीनदा लिहिलं आणि खोडलं.

अंबरीशचा तो ऑस्ट्रेलियन बँड गुरुवारी इथे आला होता. आम्ही दोघं हॉस्टेलवर असताना त्यांची कॅसेट तो इतकी वाजवायचा की शेजारचे दार बडवायचे. "सूर लागत नाही म्हणूनच तर पंक," म्हणायचा. लग्नानंतर तुम्हाला ती ऐकवली आणि तुम्ही कानांवर हात ठेवलेत, हे त्याचं इथे साइटवर सगळ्यांना सांगून झालं होतं.

मी एकटाच गेलो. हॉटेलच्या हिरवळीवर स्टेज होतं, ऊन अजून उतरलं नव्हतं. तीनेकशे माणसं, बहुतेक गोरी, माझ्याच वयाची. मूळच्या चौघांतले दोघेच उरलेत. गायक सत्तरीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, दर दोन गाण्यांनी स्पीकरच्या खोक्यावर टेकायचा. पण तोंड उघडलं की कॅसेटमधला तोच खरवडणारा आवाज. दोन-तीन गाणी मीही घसा फुटेस्तोवर ओरडलो. लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता.

मग स्टेजच्या कडेला एक दिवा निखळला. शो थांबवून एक माणूस वर चढला. दर पावलाला कमरेच्या सेफ्टी पट्ट्याचा हूक आधी अडकवायचा, ओढून बघायचा, मग पुढे सरकायचा. तो साकिब होता. अंबरीश गेला तेव्हा त्याच्या हाताखाली काम करणारा, पेशावरचा. खाली उतरल्यावर त्याने मला ओळखलं.

वहिनी, अंबरीशने हूक लावला नव्हता, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. कंपनीच्या रिपोर्टवरही तेच लिहून सही केली. ते खोटं आहे.

सहम गावातल्या त्या गोदामाच्या छपरावर हूक अडकवायला जाड दोरी ताणलेली असते. ती आदल्या दिवशी दुसऱ्या साइटवर नेली होती. सेफ्टी ऑफिसर मी. वर जाऊन बघणं माझं काम. मी गाडीत एसीत बसून वर चढायच्या परमिटवर सही केली. अंबरीशने विचारलं, "वरचं बघितलंस ना?" मी म्हणालो, "हो रे. यल्ला, ऊन चढायच्या आत उरका."

वर गेल्यावर दोरी नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने साकिबला दोरी मागायला माझ्याकडे पाठवलं आणि स्वतः तिथेच थांबला. साकिब माझ्याशी बोलत असतानाच अंबरीशच्या पायाखालचा पत्रा फुटला.

साकिबने खोट्या जबाबावर अंगठासुद्धा दिला नाही. त्याला आठवड्यात परत पाठवलं. पुढे दुसऱ्या कामावर तो पुन्हा इथे आला. मला बढती मिळाली.

गेल्या दिवाळीत सावनीने फोनवर मला विचारलं होतं, "काका, बाबांना एक हूक लावायला काय झालं होतं? आमची आठवण नाही आली?" मी तिला अभ्यास कसा चाललाय विचारलं.

साकिब माझ्यावर चिडला नाही. एवढंच विचारलं, "उनकी बच्ची को बताया, साब?" मी नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "मैंने तो उसी दिन बोल दिया था. आपका बोलना बाकी है." त्याला हाक आली, तो गेला. मागे बँड पुन्हा सुरू झाला. मी बाहेर येऊन गाडीत बसून राहिलो.

शनिवारी रेखाला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. काल मी कंपनीत आणि मग पोलिसांकडे जाऊन खरा जबाब दिला. साकिबही आला होता. मला देश सोडू नका म्हणून सांगितलंय. पुढे काय होईल ते होवो. जबाबाची प्रत सोबत आहे.

हे सावनीला आजच वाचून दाखवा, परीक्षा झाल्यावर नको. तिचे बाबा निष्काळजी नव्हते. धोका दिसल्यावर त्यांनी आधी दुसऱ्याला खाली पाठवलं. तिला मला काही बोलायचं असेल तर मी फोन उचलेन आणि मध्ये बोलणार नाही.

दिवाळीच्या कार्डावर मी 'तुमचा दीर' लिहायचो. आता ते लिहवत नाही.

नंदकुमार