अक्कांची लाल वही

मंगळवार, रावेर

आज ब्राउझर अपडेट झाला आणि मी मोठ्या तोऱ्यात बसवलेलं पासवर्ड भरणारं एक्स्टेन्शन बंद पडलं. केळीचा ट्रक भरून उभा, बिल निघेना. शेजारच्या टेबलावरच्या सुनंदा अक्कांनी लाल वही उघडली आणि माझाच पासवर्ड वाचून दाखवला. रजेवर जाताना मीच सगळे पासवर्ड त्यांना सांगितले होते.

"अक्कांची वही होती म्हणून निभावलं, नाहीतर घड इथंच पिकले असते," मालक नाना म्हणाले. माझं असं कौतुक कधी केलंय त्यांनी?

याच वहीला मी हसायचो. आता जळफळाट होतोय, दुसरं काय! येताना तशीच लाल वही घेतली. पण लिहू काय? एकही पासवर्ड पाठ नाही. उद्या अक्कांच्याच वहीतून उतरवून घ्यावे लागणार.